टीटीवाय शून्य आणि मंडळी

आमच्या साखर कारखान्यात किस्से बगॅससारखे, म्हणजे उसाच्या चोथ्यासारखे साठतात. कितीही उपसा, मागं ढीग तेवढाच. मी तिथला वायरमन, सातवी पास, आणि ढिगातला निम्मा माल माझाच. ऐंशीच्या दशकात ऑफिसात कॉम्प्युटर आला, त्या सहा महिन्यांतले हे थोडे.

कॉम्प्युटर एकच. त्याच्या पाठीला आठ पोर्ट, म्हणजे वायर खुपसायची भोकं. सात वायरी सात टेबलांवरच्या स्क्रीनला, आठवी प्रिंटरला. चालवायला कुरुंदवाडचा इक्बाल मुल्ला, बी.एस्सी., सहा महिन्यांच्या बोलीवर. ऑफिस सुपरिटेंडेंट घोरपडेसाहेबांनी पहिल्याच दिवशी त्याला सुनावलं, "एकदा जरी मशीन अडलं, तर टाइपरायटर परत टेबलावर आणि तू परत कुरुंदवाडला." इक्बालचं लग्न ठरलेलं. सासऱ्याची अट एकच, पर्मनंटची ऑर्डर दाखव.

*

मशीन पोर्टांना टीटीवाय म्हणायचं. टीटीवाय शून्य, टीटीवाय एक, असं सातपर्यंत. पहिला पोर्ट साहेबांना दिला.

"मी शून्य?"

"मशीन शून्यापासनं मोजतंय साहेब. म्हणजे तुम्हीच पहिले."

"आणि एक नंबर कुणाला?"

"स्टोअरच्या कांबळेमामांना."

साहेबांचा चेहरा बघवेना. मग इक्बालनं शोधून काढलं, की एकाच पोर्टला आणखी एक नाव देता येतं. त्यानं शून्याला ‘साहेब’ असं नाव दिलं. साहेब खूश. पोटात मशीन त्यांना शून्यच म्हणत होतं, पण ते सांगणार कोण?

*

मग सगळ्यांनाच नावं पाहिजे झाली. मी म्हटलं, कोल्हापुरात नावांचा तुटवडा हाय व्हय? कुस्तीच्या डावांची देऊन टाकली. कांबळेमामा ढाक, ऊसनोंदणी कलाजंग, वजनकाटा धोबीपछाड.

एकदा वजनकाट्याचा स्क्रीन विझला. इक्बाल घामाघूम. मी मशीनच्या कंपनीतल्या पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला.

"कुठला पोर्ट गेलाय?"

"धोबीपछाड पडलाय."

मग तो म्हणाला, "आणि वर कोण आहे?"

*

पोर्टचं नाव लिहून शब्द ढकलले, की ते त्या स्क्रीनवर उमटतात, एवढं इक्बालनं मला शिकवलं. ती त्याची चूक. मी कांबळेमामांच्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत पाठवलं, ‘चहा पाहिजे.’

मामा देवमाणूस. कँटीनमधनं चहा मागवला, स्क्रीनसमोर ठेवला आणि अदबीनं बाजूला झाले. मी जाऊन पिऊन टाकला.

"अरं, त्यो मशीनचा हाय."

"त्यानंच पाठवलंय मला, गार व्हायच्या आत जा म्हणून."

*

उन्हाळ्यात मामांनी स्क्रीन उचलून पंख्याखालच्या, ऊसनोंदणीच्या टेबलावर नेला आणि तिथली वायर लावली. मशीन त्यांना कलाजंग म्हणायला लागलं.

"मी ढाक हाय की रं, इक्बाल."

"मामा, मशीन माणूस ओळखत न्हाय. पोर्ट ओळखतंय."

"म्हंजे आपल्या ऑफिससारखंच. खुर्चीला नमस्कार."

*

खंडेनवमीला कारखान्यात सगळी अवजारं पूजायची. स्क्रीन आणि प्रिंटर वायरी सोडवून, पुसून, ऊसतोडीच्या कोयत्यांशेजारी मांडले. झेंडू, हळदकुंकू, सगळं रीतसर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वायरी मीच परत खुपसल्या. त्याच दिवशी इक्बालचे सहा महिने भरत होते, आणि अकरा वाजता चेअरमन ऊसतोडीची यादी छापताना बघायला येणार होते.

आले. इक्बालनं बटण दाबलं. प्रिंटरनं, स्क्रीन सुरू होताना उमटतो तो ‘लॉगिन’ एवढाच शब्द छापला आणि तो गप्प झाला. इक्बाल पांढराफटक. मी प्रिंटरवर टॉवेल टाकून पुढं उभा राहिलो.

एवढ्यात घोरपडेसाहेबांच्या स्क्रीनवर गावांची नावं सरसर पळायला लागली. अख्खी यादी तिकडं. चेअरमन जाऊन घोरपडेसाहेबांच्या खुर्चीमागं उभे राहिले.

"कागदाशिवाय यादी? कुणाची कल्पना ही?"

साहेबांनी इक्बालकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, टॉवेलकडं बघितलं.

"माझीच, साहेब."

"मशीन त्रास देत नाही ना?"

घोरपडेसाहेब म्हणाले, "एकदाबी अडलं न्हाय."

"मग या पोराची ऑर्डर आजच काढा."

साडेअकराला सही झाली. इक्बाल जिन्यात बसून पाच मिनिटं नुसता श्वास घेत होता. मग पेढे आणले, सगळ्यांना वाटले आणि मला कोपऱ्यात ओढलं.

"अण्णा, खरं सांगा. प्रिंटरची आणि साहेबांची वायर तुम्ही मुद्दाम बदलली?"

मी दुसरा पेढा तोंडात टाकला.