निजाम मिस्त्रीचं काचगवत

निजाम मिस्त्रीच्या लक्षात माणसांची नावं राहत नाहीत, आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही. माझं आळेफाट्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. चोवीस वर्षं हा गृहस्थ जळलेल्या मोटारी आणून माझ्या दारात टाकतोय, तरी माझं नाव बाळासाहेब आहे हे त्याला माहीत असेल याची मला खात्री नाही. तो मला शेठ म्हणतो. शेजारच्या पंक्चरवाल्यालाही शेठच म्हणतो.

विहिरी मात्र सगळ्या पाठ. तिकडे घोडेगाव-मंचरपासून इकडे बेल्ह्यापर्यंत कुठल्या विहिरीला किती परस खोल पाणी, झरा कुठल्या अंगाला, कपार कुठे, हे तो भर जेवणात विचारलं तरी सांगेल. आणि कुठल्या पाण्यात कुठलं गवत वाढतं, हे तर न विचारताही सांगतो.

त्याचा धंदाच तसा आहे. मोटारीचा पाइप विहिरीत सोडलेला असतो, त्याच्या पाण्यातल्या टोकाला जाळी असते. तिला आमच्याकडे फुटवॉल म्हणतात. त्या जाळीत पाणगवत अडकलं की मोटर नुसती घुमते, पाणी काही येत नाही, आणि शेतकरी शिव्या देत निजामला फोन लावतो. हा पासष्टीच्या घरातला माणूस लुंगी खोचून विहिरीत उतरतो आणि हातभर गवत उपसून वर फेकतो. प्रत्येक गवताला त्यानं नाव ठेवलंय, तेही ते त्याला कसं छळतं त्यावरून. एक चिकट्या, एक सुतळी, एक केसाळ. आणि एक काचगवत. त्याच्या पाती इतक्या आरपार की पाण्यात असताना दिसतच नाहीत. हाताला लागतं तेव्हाच कळतं.

आता त्याचा दुसरा गुण सांगतो. निजाम चुकत नाही. म्हणजे चुकतो, सगळ्यांसारखाच चुकतो, पण तसं म्हणत नाही. नारायणगावात एकदा त्यानं एकाची सगळी मोटर खोलून बांधावर पसरली, आणि मग कळलं की गावाची लाइटच गेलीय. मी हसलो. तो म्हणाला, "मोटर बरोबरच खोलली, शेठ. लाइट चुकीच्या टायमाला गेली." चोवीस वर्षांत 'माझं चुकलं' हे शब्द मी त्याच्या तोंडून ऐकले नव्हते. त्याच्या बायकोनं, बिबिजाननंही ऐकले नव्हते. तिनं मला तसं शपथेवर सांगितलंय.

गेल्या ऑक्टोबरमध्ये तेजस्विनी नावाची मुलगी दुकानात आली. पुण्याच्या कॉलेजात वनस्पतींवर संशोधन करत होती. पायाला चिखल, पाठीला सॅक, चेहरा उन्हानं रापलेला. दोन वर्षं ती एक पाणवनस्पती शोधत होती. फार वर्षांपूर्वी कुणीतरी तिचा एक नमुना वाळवून कागदावर चिकटवला होता, आणि चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: जुन्नर, विहीर. आमच्या तालुक्यात विहिरी किती, हे त्या लिहिणाऱ्याला कुणी विचारलं नसावं. तिनं मोबाइलवर त्या कागदाचा फोटो दाखवला. निजाम तिथेच बसून बिडी ओढत होता.

"काचगवत," तो म्हणाला.

तेजस्विनीनं त्याला नीट समजावून सांगितलं. असंच दिसणारं एक साधं गवत सगळीकडे सापडतं. पानं तीच, फूल जवळपास तेच. फरक फक्त बीमध्ये. साध्याचं बी गुळगुळीत. या दुर्मिळ जातीच्या बीला बारीक काटे असतात आणि दोन्ही टोकांना शेपट्या. त्या भिंगातूनच दिसतात. बी मिळालं नाही तर ओळख पक्की होत नाही, आणि दिवाळीनंतर हे गवत सडून तळाला जातं. तिचं हे शेवटचं वर्ष होतं. यंदा बी सापडलं नाही तर प्रबंधातलं ते प्रकरण काढून टाका, असं तिच्या मॅडमनी सांगितलं होतं.

निजामला हे सगळं ऐकून राग आला. "शेपटी कशाला बघायची, ताई? साधं असलं तर जाळीत पिळून बसतं. शेपटीवालं कडकडा मोडतं. मी हातानं सांगतो ना!"

मुलगी उभीच राहिली. एवढं तिला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. निजामनं बोटांवर मोजून अकरा विहिरी सांगितल्या. खोडद, कळंब, राजुरी, कुठे कुठे. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "यातली एक जरी खोटी निघाली तर पान्हा हातात धरणार न्हाई."

माझ्या पिकअपमधून आम्ही निघालो. दुकान पोराच्या हवाली करून मी का गेलो म्हणाल, तर निजाम पान्हा खाली ठेवतो की नाही ते मला बघायचं होतं.

पहिली विहीर खोडदची. मागे रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या. निजामनं सूर मारला, खालपर्यंत जाऊन आला. हात रिकामे. पाणी इतकं स्वच्छ की तळाचा दगड न् दगड दिसत होता. फक्त मासे होते. चांगले मांडीएवढे, सुस्त. राजुरीलाही तेच. स्वच्छ पाणी आणि गलेलठ्ठ मासे. कळंबच्या विहिरीवर तेजस्विनी कठड्यावरून वाकून बघत होती. तिनं विचारलं, "काका, हे मासे कुठले?"

"गवत्या," निजाम म्हणाला. "पाण्यातलं गवत खातो. एक काडी ठेवत न्हाई. ज्या विहिरीत काचगवत, तिथं मी पाच-पाच पिल्लं सोडतो. वीस वर्षं सोडतोय. कॅनमधून स्वतः आणून..."

बोलता बोलता तो थांबला. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याच्या अकरा विहिरींची यादी अगदी बरोबर होती. त्याच अकरा विहिरींत त्यानं मासे सोडले होते. ते गवत कुठे कुठे होतं हे साऱ्या जगात त्या एकट्यालाच ठाऊक, आणि ते तिथून संपवणाराही तोच.

तरी आम्ही उरलेल्या आठही बघितल्या. त्याचा हट्ट. दोन दिवस गेले. शेवटच्या विहिरीवर तेजस्विनी कठड्यावर बसली. मग म्हणाली, "काका, तुमचं काही चुकलं नाही. शेतकऱ्यांना पाणी तर हवंच ना." त्यानं निजाम आणखीच चिडला. कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसल्या असत्या. मला खरंच वाईट वाटलं. दोघांचंही.

मग मी म्हणालो, "बारावी विहीर आहे की. बोरीची. जानकूची."

निजामनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पिकअपची चावी खिशात घातली.

गोष्ट अशी होती. पंधरा वर्षांपूर्वी बोरी बुद्रुकच्या जानकूच्या विहिरीतही निजामनं पाच मासे सोडले होते. वर्षाच्या आत ते नाहीसे झाले. विहिरीतला मासा उडून तर जात नाही. जानकू माळकरी, घरात कांदालसूणसुद्धा मोजून. निजामनं सकाळी दूध डेअरीवर, सगळं गाव कॅन घेऊन रांगेत उभं असताना, मोठ्यानं विचारलं, "माळ गळ्यात आणि मासा पोटात व्हय रं?" गाव हसलं. जानकूनं माळेला हात लावून शपथ घेतली. निजाम म्हणाला, मी चुकत नसतो. त्या दिवसापासून जानकूच्या मळ्याचं फाटक निजामला बंद. पुन्हा मासे सोडले गेले नाहीत, आणि गवत अडकलं की जानकू स्वतः विहिरीत उतरून जाळी साफ करायचा. साठी उलटलेला माणूस, पण हट्ट निजामच्याच तोडीचा.

म्हणजे काचगवत कुठे असलं तर तिथेच.

आम्ही गेलो. जानकू फाटकावर आला. तेजस्विनीचं सगळं ऐकून घेतलं, फोटो बघितला, मान हलवली. "हाये की. खंडीभर हाये. पायरीखाली रान माजलंय. पर आधी मिस्त्री चुकला म्हणंल. आन् हितं न्हाई. जिथं बोलला, तिथं. डेअरीवर. त्याबिगर माझ्या पाण्याला कुणी हात लावायचा न्हाई."

"मग राहू दे तुझं पाणी!" निजाम पिकअपमध्ये जाऊन बसला आणि दार असं आपटलं की माझी काच निखळली. ती अजून तशीच आहे.

तेजस्विनी खिडकीपाशी गेली. "काका, माझ्यासाठी नको. खरंच नको. पुढच्या वर्षी बघू कुठेतरी."

पुढचं वर्ष नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. निजामनं बिडी पेटवली, ओढली नाही. ती बोटांपर्यंत जळत आली तेव्हा त्यानं विचारलं, "डेअरी किती वाजता उघडती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही बोरीच्या डेअरीवर. जानकूनं रात्रीत सगळ्या गावाला खबर दिली होती. ज्यांच्या घरी म्हैस नाही तेही कॅन घेऊन आले होते. निजाम पायरीवर उभा राहिला. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. खोल विहिरीत उडी मारताना ज्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, त्याला दरदरून घाम फुटला होता.

"पंधरा वर्सांमागं मी हितंच बोललो, का जानकूभाऊंनी मासं खाल्लं," तो म्हणाला. "ते... म्हणजे... तसं बोलणं... माझं चुकलं."

मागून डेअरीचा भरत चेअरमन ओरडला, "मिस्त्री, फॅटचं मशीन चालू व्हतं, काय ऐकू आलं न्हाई! परत बोला!"

गाव हसलं. निजामनं एकदा आभाळाकडे पाहिलं आणि अख्ख्या बोरीला ऐकू जाईल असा ओरडला, "माझं चुकलं! जानकूभाऊंनी मासं खाल्लं न्हाई!"

जानकूचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पंधरा वर्षं मानेवर असलेलं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखा तो दिसला. त्यानं पुढे होऊन निजामचा हात धरला आणि तसाच धरून मळ्यापर्यंत चालत नेला. मागे निम्मं गाव.

निजाम विहिरीत उतरला. पायरीखालून त्यानं मुळासकट एक झुपका वर आणला आणि तेजस्विनीच्या ओंजळीत ठेवला. झुपक्यात काडीसारखी बारीक फळं होती. तिनं एक फळ नखानं उकललं, बी तळहातावर घेतलं आणि भिंग डोळ्याला लावलं. आम्ही सगळे श्वास धरून. मग ती हसली, आणि हसता हसता रडली, आणि तिनं भिंग आधी निजामच्या हातात दिलं.

"हाये," निजाम म्हणाला. "शेपूट हाये. दोन्हीकडं."

त्यानंतर जानकू कुणाला आवरेना. प्रत्येकाला भिंगातून आपलं बी दाखवत, ही जात जुन्नर तालुक्यात आपणच मुद्दाम जपून ठेवल्यासारखा तो बोलू लागला. आता या विहिरीत मासा सोडायचा नाही, महिन्यातून एकदा जाळी मिस्त्रीनं हातानं साफ करायची, काढलेलं गवत पुन्हा पाण्यात लावायचं, असं तेजस्विनीनं सांगितलं आणि दोघांनीही शहाण्या मुलांसारखी मान डोलावली.

मी आणि निजाम पडवीत टेकलो. जानकूची बायको प्रयागबाई चहा घेऊन आली. कप देताना ती वाकली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, ते मासं लई गोड व्हतं."

निजामचा कप ओठांपाशीच थांबला.

"माळ यांच्या गळ्यात हाये," ती म्हणाली. "माझ्या न्हाई. हे भजनाला गेलं का मी गोठ्यामागं चूल मांडायची."

"पाची?" निजामनं विचारलं.

"चार. एक मांजरानं नेला."

मी निजामकडे पाहिलं. मासे त्याच घरात खाल्ले गेले होते. पंधरा वर्षं तो बरोबर होता, आणि दोन तासांपूर्वी अख्ख्या गावासमोर, दोनदा, मी चुकलो म्हणाला होता. आता हा उठणार आणि छप्पर उडवणार, म्हणून मी माझा चहा आधी संपवून टाकला. विहिरीवरून जानकूनं हाक मारली, "मिस्त्री, काय म्हणती रं माझी मंडळी?"

निजामनं प्रयागबाईकडे पाहिलं. मग विहिरीकडे. तिथे जानकू चेअरमनच्या डोळ्याला भिंग लावून देत होता, मान ताठ करून.

"काय न्हाई, जानकूभाऊ," तो ओरडला. "साखर जास्त झाली का विचारती."

आणि त्यानं कप पुढे केला. "वहिनी, अजून अर्धा द्या."