बाळ हललं न्हाई, आन् मी गप्प बसले

बायांनो, मी ग्रुपवर नुसतं वाचते, कधी लिहीत न्हाई. शाळा आठवीतच सुटली, चुकलं तर समजून घ्या.

माझी ताई बाळंतपनाला माहेरी आलीय. नववा भरत आलाय. आज सकाळी ती म्हनली, "चिमे, रात्रीपासून बाळ हललं न्हाई गं."

मावशी हसली, "शेवटी पोटात जागाच ऱ्हात न्हाई. कुठं हलंल ते?"

आई म्हनली, "चार दिसांनी आज टँकर यायलाय. पानी भरू, मग बघू."

पन गावात आरोग्याचं काम बघनाऱ्या आशाताईनं मला सांगितलं होतं, शेवटच्या आठवड्यातबी बाळ हलायलाच पायजे. कमी झालं की लगेच दवाखाना. तरी मी मोठ्या मानसांत बोलले न्हाई. घागर घेऊन रांगेत हुबारले.

दुपारी बघते तर ताई पोटावर हात ठिवून रडायली. मी घागर टाकून पारावर पळाले. तिथं मानसं नवा जिल्हा हुनार का, याच्या गप्पा मारायली होती. जल्मात पहिल्यांदा वरडले, "काका, जीप काढा!"

आता मुखेडच्या दवाखान्यात हाव. डॉक्टरीणबाई म्हनल्या, "ठोके हायेत, पन लई मंद. ऑपरेशन करावं लागंल. सकाळीच का न्हाई आनलं?"

आई नुसती रडायली. मला सकाळीच म्हाईत होतं, हे तिला अजून ठावं न्हाई.

ताईला आत नेलंय. तुमच्यात कुनाचं असं झालंय का? त्यांचं बाळ नंतर रडलं का? खरं सांगा.

आन् घरात कुनाला नववा असंल तर आत्ता उठून इचारा, आज बाळ हललं का?