अण्णांचं वर्षश्राद्ध आणि बिनरेडियमची ट्रॉली

खरं तर या वेळी मला श्रीगोंद्याला जायचंच नव्हतं. मामाचा फोन आला, "अण्णांचं वर्षश्राद्ध हाय, आक्काला घेऊन ये," आणि मी "बघते" म्हणून ठेवून दिला. रात्री आई म्हणाली, "माझ्या बापाचं श्राद्ध आहे. तू नाही आलीस तर मी एसटीने जाईन." मग मी मुकाट्याने गाडीत पेट्रोल भरून आणलं.

अण्णा म्हणजे माझ्या आईचे वडील. गेल्या पौषात, दिवेलागणीच्या वेळी, श्रीगोंद्याहून जवळच्याच मामाच्या गावाकडे येताना त्यांची स्कूटर रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीचं चाक पंक्चर होतं. मागे दिवा नव्हता, रेडियमची चमकणारी पट्टी नव्हती, काही नव्हतं. चाकाखाली दोन दगड लावून ड्रायव्हर पंक्चरवाल्याला शोधायला गेला होता. अण्णा जागच्या जागी गेले. या प्रवासवर्णनात राग दिसला तर तो मुद्दाम ठेवलाय असं समजा.

पुण्याहून जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. सोलापूर रोडने यवत, चौफुला, पुढे दौंड, भीमेचा पूल ओलांडला की नगर जिल्हा, मग काष्टी आणि श्रीगोंदा. सकाळी लवकर निघालात तर तीनेक तासांत पोचता. शनिवारी काष्टीला जनावरांचा मोठा बाजार असतो, तेव्हा तिथे गाडी अडकणार हे धरून चाला. वाट वाकडी करायची तयारी असेल तर भीमेच्या काठी पेडगावचा किल्ला आणि त्यातलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ जरूर बघा. आम्ही बघितलं. भिंतीवरचं कोरीवकाम उन्हात न्हाऊन निघालं होतं आणि आवारात आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

"अण्णा आम्हाला इथं सायकलवर आणायचे," आई म्हणाली. "दिलीप पुढच्या दांडीवर, मी मागे. चढ आला की खाली उतरून ढकलायचे, पण आम्हाला उतरू द्यायचे नाहीत."

अण्णा शिंपी होते, धंद्याने आणि जातीनेही. आजी गेली तेव्हा आई नऊ वर्षांची होती आणि दिलीपमामा तिच्याहून लहान. लोकांनी दुसऱ्या लग्नाच्या मुली दाखवल्या, अण्णांनी कोणाच्याही दारात पाऊल टाकलं नाही. सकाळी मशीनवर बसायच्या आधी ते आईच्या दोन वेण्या घालायचे. गाव हसायचं. आई न्हाती झाली तेव्हा त्यांनी शेजारच्या काकूंना विचारून मऊ सुती कापडाच्या घड्या शिवल्या, नीट टीप मारून, आणि काही न बोलता तिच्या ट्रंकेत ठेवल्या. माझ्या वेळचं बाळंतपणही त्यांनीच केलं. माहेरी आई नाही तर बाळंतपण कोण करणार, असं सासरचे म्हणाले, तर अण्णा स्वतः बैलगाडी घेऊन न्यायला आले. मालिशीला बाई लावली. बाकी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेकशेगडी, सगळं त्या माणसाने केलं.

असा माणूस. आणि तो रस्त्यात मेला, कारण कोणाला तरी ट्रॉलीच्या मागे हातभर पट्टी चिकटवायचा कंटाळा आला होता.

काष्टी सोडलं की उसाचे ट्रॅक्टर लागतात. एकामागे दोन ट्रॉल्या, वर डोंगरासारखा ऊस, बाजूने लोंबणारे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. आम्ही दिवसाउजेडी निघालो होतो तरी आईने डोळे मिटून घेतले. मी मात्र प्रत्येक ट्रॉलीची मागची फळी बघत होते. एखाद्याच ट्रॉलीला पट्टी. बाकी नुसता चिखल. जिथे अपघात झाला तिथे मी गाडी हळू केली. रस्त्याकडेला घाणेरी माजली होती. एवढंच.

मामाच्या घरी पोचलो तेव्हा पाहुणे जमायला लागले होते. मंगलमामीने आल्या आल्या भाकरी आणि शिपी आमटी वाढली. ही आमच्या शिंप्यांच्या घरातली डाळींची झणझणीत आमटी, भाकरी कुस्करून खायची. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी हात थांबत नाही. श्रीगोंद्यात कोणाकडे मिळाली तर सोडू नका.

जेवता जेवता ओसरीवरचं बोलणं कानावर आलं. मामाच्या भावकीतले एक जण म्हणत होते, "वय झालं हुतं. या वयात गाडी चालवायची कशाला?"

मामा म्हणाला, "व्हय. लई सांगितलं, ऐकलं न्हाई."

माझा घास तोंडातच राहिला. अण्णांना चष्मा लागत होता, पण पंचाहत्तरीतही ते सुईत दोरा स्वतः ओवायचे. वय झालं म्हणून ते मेले नाहीत. एक वर्षभर सगळे हेच म्हणत होते, कारण वयावर कोणाला खटला भरावा लागत नाही. मी उठणार होते, आईने माझा गुडघा दाबला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले, विधी झाले, पानं वाढली. पंगत उठल्यावर मी हात धुवायला घरामागे गेले. तिथे मामाचा ट्रॅक्टर उभा होता. मामा सीझनमध्ये कारखान्याला ऊस वाहतो हे मला माहीत होतं. दोन्ही ट्रॉल्या भरलेल्या होत्या. मी मागे जाऊन बघितलं.

फळीवर चिखलाचा थर. नखाने खरवडला तर खाली पत्रा. पट्टी नाही, दिवा नाही.

मी मामाला अशी हाक मारली की भांडी घासणाऱ्या बायका थांबल्या.

"मामा, हे काय आहे?"

"काय?"

"मागे पट्टी कुठंय?"

"आगं, हुती. गळून पडली. सीझन चालू हाय, टाइम न्हाई मिळाला."

"वर्ष झालं!"

"त्या दिवशीची ट्रॉली आपली न्हवती, शीतल." त्याचा आवाज चढला. "माझ्यावर काय वरडती? समद्यांच्याच तशा हायत. जा, बघून ये कारखान्यावर."

"तुझा बाप मेलाय मामा. समद्यांचा नाही."

एवढ्यात आई आली. तिने फळीवर हात फिरवला, बोटांना लागलेला चिखल बघितला आणि विचारलं, "दिलीप, ही कधी निघणार?"

"आत्ताच. दिवस मावळायच्या आत रस्त्याला लागलं पायजे."

"म्हणजे अंधारात पोचणार."

"आक्का, कारखान्यावरचा नंबर जाईल माझा."

आई चालत पुढे गेली. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या लोखंडी दांडीवर, श्राद्धाची नवी साडी नेसून, ती सरळ बसली. मामाने डोक्याला हात लावला. "पाव्हण्यांत तमाशा करू नको. ऊठ." ती हलली नाही. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर लांब जाऊन उभा राहिला.

मग मंगलमामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. वर्षभर ही बाई अण्णांबद्दल एक शब्द बोलली नव्हती. तिच्या हातात ट्रॅक्टरची चावी होती. सगळ्यांसमोर तिने ती कमरेला खोचली.

"माझ्या बीपीच्या गोळ्या आणाया गेल्ते अण्णा," ती म्हणाली. "तुमी मळ्यातून आला न्हाईत म्हणून ते गेले. म्हनले, मंगल, रात्री गोळी चुकायला नको. लोकं इचारत्यात तवा तुमी सांगता, वय झालं हुतं. मी ऐकते अन गप बसते. आज ही चावी मिळायची न्हाई."

मामा तिच्या अंगावर धावून जातो की काय असं वाटलं. "तुला काय कळतंय गं?" तो ओरडला. मामी जागची हलली नाही. ओसरीवर चूळ भरणारे पाहुणे चूळ भरायचे थांबले. मामाने पायातली चप्पल काढून भिंतीवर फेकली आणि तो मळ्याकडे चालता झाला.

आई, मामी आणि मी गाडीने श्रीगोंद्यात गेलो. बाजारात नंबरप्लेट आणि रेडियमचं दुकान सहज सापडतं. दुकानदाराने मोठ्या उत्साहाने नमुने काढले. "मागं काय लिहायचं? आईचा आशीर्वाद करू का? आता तेच चालतंय."

"काही लिहायचं नाही," आई म्हणाली. "दिसलं पाहिजे."

आम्ही लागेल त्याहून जास्त रेडियम घेतलं.

परत आलो तर मामा बादली आणि तारेचा ब्रश घेऊन फळी घासत होता. आमच्याकडे त्याने बघितलं नाही. पत्रा कोरडा होईपर्यंत तो फडक्याने पुसत राहिला, मग आईच्या हातातून गुंडाळी घेऊन स्वतः चिकटवायला लागला. पट्टी वाकडी लागली की उचकटून पुन्हा लावायचा. त्याचे डोळे लाल होते. मला त्याची कीव आली नाही, हे खरं सांगते. गेल्या सीझनपासून असाच वागला असता तर मला आली असती.

ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघाला. त्याच्या मागोमाग आम्हीही निघालो. काष्टीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी दोन ट्रॅक्टर उभे होते. चहा चांगला मिळतो, आलं भरपूर. पहिल्या ड्रायव्हरला मी उरलेलं रेडियम दाखवलं. "लावा की ताई. मालक काय देत न्हाई," तो म्हणाला आणि त्याने स्वतः फळी पुसून दिली. दुसऱ्या ट्रॅक्टरचा मालक तिथेच होता. "कोन तुमी? आरटीओ हाय का? माझ्या गाडीला हात लावायचा न्हाई," म्हणाला. आईने त्याला अण्णांचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, कप ठेवला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या मान्सानं बघून चालवायला पायजे." आईला गाडीत बसवताना मला जोर लावावा लागला.

घरी येऊन आता आठवडा झाला. श्रीगोंद्याला जायचं असेल तर जरूर जा. पेडगाव बघा, आमटी खा. फक्त उसाच्या सीझनमध्ये अंधार पडल्यावर त्या रस्त्याला राहू नका. हा सल्ला मी नाइलाजाने लिहितेय, कारण सावध तुम्ही व्हायचं, आणि ट्रॉलीवाले तसेच फिरणार.

काल संध्याकाळी मामाचा फोन आला. आईने स्पीकरवर ठेवला. कारखान्याच्या यार्डात लोक त्याला हसले म्हणे. लग्नाची वरात काढली का, विचारलं.

"मग तू काय म्हणालास?"

"म्हनलं, माझा बाप असल्याच ट्रॉलीवर आदळून मेला. वयानं न्हाई मेला. गप झाले समदे."

"बरं केलंस," आई म्हणाली. मग म्हणाली, "आणि त्यांच्या ट्रॉल्या? त्यांना लावलं का कोणी?"

"न्हाई अजून," मामा म्हणाला. आईने फोन ठेवला नाही. "मग कधी लावतोस?" तिने विचारलं.