एका वाचकाची क्षेत्रभेट

नाशिकहून सकाळी साडेसातला निघायचं ठरलं होतं. निघालो नऊला, कारण फलक छापून यायचा होता. फलकाशिवाय क्षेत्रभेट झाली असं कुणी धरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

गाडीत पुढे रेणुका मॅडम होत्या, अनुदानं देणाऱ्या एका मोठ्या प्रतिष्ठानच्या अधिकारी. मागे माझ्या शेजारी एका सरकारी यंत्रणेचे साहेब. प्रतिष्ठानचं म्हणणं असं की सरकारनं निम्मं दिलं की उरलेलं आम्ही देऊ. सरकारचं म्हणणं असं की आधी प्रतिष्ठाननं द्यावं. दीड वर्ष दोघंही दार धरून एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत होते आणि माझी पत्नी सुमन कागद घेऊन त्या दाराशी उभी होती. गेल्या आषाढात ती गेली. कागद माझ्याकडे आले. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्यभर पुस्तकांना क्रमांक देत बसलेला माणूस. अर्ज करणं मला कधी जमलं नव्हतं.

सुमननं सुरगाण्याकडच्या डोंगरात पाच पाड्यांवर (छोट्या वस्त्यांवर) पुस्तकांच्या पत्र्याच्या पेट्या ठेवल्या होत्या. दर महिन्याला ती जीप करून जायची आणि एका पाड्याची पेटी दुसऱ्या पाड्यावर न्यायची. ती गेल्यापासून पेट्या जागच्या हलल्या नव्हत्या. अनुदान मिळालं तर जीप आणि नवी पुस्तकं, नाही मिळालं तर मार्चमध्ये पेट्या उचलून आणायच्या, असं आमच्या संस्थेच्या विश्वस्तांनी ठरवलं होतं. म्हणून हा प्रवास.

दिंडोरीच्या अलीकडे मिसळ खायला थांबलो. साहेबांनी तर्री दोनदा मागून घेतली आणि मग मोकळेपणानं सांगितलं की भेटीचा निष्कर्ष त्यांनी कालच ऑफिसात भरून ठेवला होता. "आधी भरलेला बरा असतो. मग फिरताना डोक्याला ताप नाही." काय भरलं आहे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. बाहेर द्राक्षांच्या घडांना कागद गुंडाळलेले होते. दर फेरीहून घरी आली की सुमन म्हणायची की एवढा कागद आमच्या पेट्यांना मिळाला असता तर.

वणी मागे पडली आणि रस्ता चढू लागला. बोरगावजवळ रस्त्याच्या कडेला बायका स्ट्रॉबेरी विकत बसल्या होत्या. साहेबांनी चार खोकी घेतली आणि मांडीवर जागा नाही म्हणून माझ्या मांडीवर ठेवली. पुढच्या वळणावर त्यातलं एक फलकावर उलटलं. 'सक्षमीकरण' या शब्दावर लाल डाग पडला. रेणुका मॅडमनी तो ओल्या रुमालानं पुसला, तेव्हा तो 'ग्रामीण' या शब्दापर्यंत पसरला.

पाड्यावर पोचलो तेव्हा जिजाबाईंच्या पडवीत वीसेक बायका जमल्या होत्या. सुपं मांडीवर घेऊन त्या खुरसणी (कारळे) निवडत होत्या आणि मधोमध कल्पना, जिजाबाईंची धाकटी सून, मोठ्यानं वाचत होती. दहावी शिकलेली ती एकटीच. आठवड्यातून दोन दुपारी हे असं चालतं, हे मला सुमनकडून ऐकून माहीत होतं; पाहिलं मात्र कधी नव्हतं. कादंबरीतली सून घर सोडून एसटी स्टँडवर येऊन बसली होती आणि गाडी अजून यायची होती. आम्ही नेमके तेव्हा आत शिरलो.

फोटो आधी घ्यायचा होता. प्रत्येकीच्या हातात पुस्तक हवं, असं रेणुका मॅडम म्हणाल्या. पेटी रिकामी झाली, तरी एक पुस्तक कमी पडलं. मग कल्पनाच्या हातातलं घेऊन ते जिजाबाईंना दिलं, कारण त्याचं मुखपृष्ठ फोटोत उठून दिसत होतं.

जिजाबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "म्या धरलं तर ती वाचंल कशातनं? आमची सून तिकडं स्टँडावर बसलीया."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. फोटो त्यामुळे चांगला आला.

मग रेणुका मॅडमनी मोबाइलमधलं ॲप उघडलं. त्यात वाचकसंख्येचा एकच रकाना होता. ऐकणाऱ्यांसाठी काही नव्हतं. साहेब म्हणाले की ऐकणं हा विषय त्यांच्याकडेही बसत नाही, मात्र ध्वनिक्षेपकाची एक योजना आहे. जिजाबाईंनी ध्वनिक्षेपक म्हणजे काय ते विचारलं आणि समजल्यावर म्हणाल्या, "कल्पनाचा आवाज लय मोठा हाय. घरात पुरं होतो."

रेणुका मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "काका, मी बावीस लिहिते. सगळ्यांच्या हातात पुस्तक आहे, फोटोत दिसतंय. एक लिहिलं तर सिस्टिम अर्ज इथंच बंद करेल. तुम्ही फक्त सही करा."

सहीआधी आकडा ताडून पाहावा म्हणून मी पेटीतली सुमनची भेटींची वही काढली. दर भेटीला सुमननं तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: वाचक, एक. त्याखाली ऐकायला बसलेल्यांची नावं, जिजाबाईंपासून एकेकीचं. आणि प्रत्येक यादीच्या शेवटी: 'आणि मी'.

घरी आम्ही दोघं समोरासमोर बसून मनात वाचत असू. चाळीस वर्षं. तिला ऐकायला आवडतं, हे मला त्या वहीवरून कळलं.

"एकच लिहा," मी म्हणालो.

मॅडमनी एक लिहिलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: पात्र नाही. साहेब हळहळले, त्यांचा निष्कर्ष चांगला होता म्हणे, आता तो बदलावा लागणार. जिजाबाईंनी आम्हाला नागलीची (नाचणीची) भाकरी आणि खुरसणीची चटणी वाढली. तेवढ्यात कल्पनानं उरलेली चार पानं वाचली. गाडी आलीच नाही. पहिला भाग तिथंच संपत होता.

निघताना जिजाबाई गाडीच्या काचेशी आल्या. "पेट्या न्यायच्या तर न्या, काका. पण ती एसटीत बसली का, तेवढं सांगून जा."

दुसरा भाग आमच्या घरी कपाटात होता. पुढच्या सोमवारी तो पिशवीत घालून मी एसटीनं निघालो. पेटी एसटीत नेणं अवघड. एका पुस्तकाला जीप कशाला लागते, हे मला आधी सुचायला हवं होतं. कल्पनाचा घसा बसला होता. तिनं पुस्तक माझ्याकडेच परत दिलं. "आज तुम्ही वाचा."

पहिली दोन पानं माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तिसऱ्या पानावर गाडी आली आणि सून चढली. सुपं थांबली. कुणीतरी "बसली एकदाची" म्हणालं.

परतीच्या गाडीत वणीजवळ मोबाइलला रेंज आली आणि प्रतिष्ठानचा प्रश्न आला: क्षेत्रभेटीनंतर वाचकसंख्येत बदल झाला का? मी खरं तेच लिहिलं: आधी एक, आता दोन. वणी स्टँड सुटायच्या आत उत्तर आलं. शंभर टक्के वाढीबद्दल अभिनंदन, आपली संस्था पुढील फेरीसाठी पात्र आहे.

पुढची फेरी केव्हा, ते लिहिलेलं नव्हतं. माझी पुढची सोमवारी होती. पेटीतून बरोबर घेतलेली वही मी मांडीवर उघडली, आजच्या नावांखाली 'आणि मी' लिहायला गेलो आणि थांबलो. आज मी ऐकणाऱ्यांत नव्हतो. ती जागा सुमनची होती. मी तिचं नाव लिहिलं.