दळण न घेता गिरणीत

स्वारगेटहून सकाळच्या बारामती गाडीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत पत्रकांचे दोन गठ्ठे होते आणि पोटात मत्सर. दुसरा सभ्य शब्द शोधत बसत नाही. घर सोडावं लागलेल्या बायकांसाठी निवारा हवा, म्हणून आमचा गट तीन वर्षं पुण्यात ओरडतोय. पत्रकाच्या तळाशी आम्ही 'आसऱ्याचा पत्ता' असं छापतो आणि पुढे टिंबांची ओळ मोकळी सोडतो. जागा मिळाली की हातानं भरू, म्हणून. ओळ अजून मोकळीच आहे. अशात कुणीतरी सांगितलं की इंदापूर तालुक्यात एक बाई पिठाच्या गिरणीत बसून अशाच बायकांच्या गोष्टी सांगते आणि ऐकायला जागा पुरत नाही. आमच्या कथाकथनाला माईक असतो, पडदा असतो, पाण्याच्या बाटल्या असतात. माणसं नसतात.

बारामतीत उतरले आणि आणखी चिडले. रस्ते गुळगुळीत, चौक झाडून ठेवलेले, इमारती काचेच्या. इतकं सगळं उभं करता येतं, मग चार खोल्या का नाही? हा प्रश्न मी स्टँडवरच्या चहावाल्याला विचारला. तो म्हणाला, "साखर कमी का जास्त?"

इंदापूरच्या गाडीत शेजारी माळव्याचं (भाजीपाल्याचं) पोतं घेऊन एक तात्या बसले. बाहेर ऊस, कालवा, पुन्हा ऊस. तात्यांनी माझं नाव, गाव, शिक्षण, वडील काय करतात आणि लग्न का नाही, एवढं विचारून घेतलं आणि स्वतःबद्दल एक अक्षर न सांगता उतरून गेले.

मी कुठं उतरले ते लिहिणार नाही. प्रवासवर्णनात हे चालत नाही, ठाऊक आहे. शेळगाव समजा, वरकुटे समजा, नाहीतर तिसरंच. गिरणी गावोगाव असते.

थ्री-फेज गेली होती, म्हणून गिरणी बंद. डब्यांची रांग लागलेली आणि डब्यांच्या मालकिणी भिंतीला टेकून बसलेल्या. गिरणीवाल्या बाईंना सगळ्या भाभी म्हणत होत्या. डोक्यावर ओढणी, पापण्यांवर पीठ. रांगेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आक्कांनी मला खालवर न्याहाळलं.

"दळण कुठाय तुमचं?"

आणलं नाही, म्हटलं.

"दळण न घेता गिरणीत? मग ही भांडायला आलीय."

सगळ्या हसल्या आणि मला सरकून जागा दिली. आक्कांनीच फडकं सोडून अर्धी भाकरी आणि वांग्याचं कोरड्यास (भाकरीबरोबरचं कालवण) हातावर ठेवलं. भाभींनी माझं पत्रक पहिल्या ओळीपासून वाचलं. एवढं नीट ते आमच्या गटातही कुणी वाचलेलं नाही. टिंबांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हितं काय लिवायचं ऱ्हायलंय?"

"पत्ता."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या आणि घडी करून गल्ल्यात टाकलं. मला तो टोमणा वाटला.

गोष्ट फक्त वीज नसताना, असा तिथला रिवाज. फेज आली की गोष्ट असेल तिथं थांबते, कारण गिरणीपुढं कुणाचा आवाज चालत नाही. भाभींनी आवाज जरासुद्धा न चढवता गोष्ट सुरू केली. एका बाईला घरातून निघायचं होतं. पिशवी उचलली असती तर सासूनं विचारलं असतं, कुठं निघालीस. म्हणून तिनं डबा घेतला. खाली दोन साड्या, वर चार बोटं गहू. "आन् डबा डोक्यावर चढवून कुणी दिला? नवऱ्यानंच. म्हनला, बारीक दळायला सांग." बायका अशा हसल्या की आक्कांना ठसका लागला. दळणाला निघालेल्या बाईला कुणी अडवत नाही. ती तीन गावं ओलांडून गेली.

मी जळत होते. एक वाक्य तीनदा घासून पत्रकात घालते मी, तरी असं कुणी ठसक्यापर्यंत हसलेलं नाही. मी फोन एका डब्याला टेकवून उभा केला आणि लाईव्ह सुरू केलं. विचारलं नाही. बघणाऱ्यांचा आकडा आमच्या सभागृहाच्या खुर्च्यांपलीकडे गेला, तशी मी गोष्ट सोडून आकडाच बघत बसले. खाली कुणीतरी काय लिहिलंय ते फार उशिरा वाचलं.

'मागं झाडतीये ती कोण? कुठलं गाव?'

मागं खरंच एक बाई पीठ झाडत होती. तिला सुलू म्हणू. तिच्या पलीकडे फळीवर एक जुना डबा होता, रांगेतल्या कुणाचाच नसलेला. तीही असाच डबा घेऊन घरातून निघालेली, हे मला एकदम कळलं. लाईव्ह बंद केलं, पुसून टाकलं आणि ती ओळ भाभींना सांगितली. ती लिहिणाऱ्याचं नाव सांगितल्यावर सुलूच्या हातातला झाडू थांबला. तिच्या दिराचं नाव होतं.

कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. भाभींनी कुणालातरी फोन लावला, दोन वाक्यं बोलल्या. सुलूचं इथं चार महिने नीट चाललेलं होतं, ते माझ्यामुळे दहा मिनिटांत मोडलं.

"तुमी वाईट न्हाय ताई," भाभी म्हणाल्या. "पन तुमाला सांगायची लई घाई."

सुलूनं फळीवरचा डबा काढला, आत साड्या भरल्या. आक्कांनी आपल्या डब्यातले गहू वर ओतले. तेवढ्यात फेज आली आणि गिरणीच्या घरघरीत बाकीचं बोलणं बुडालं. सुलूला पोचवायला मी गेले. निदान तेवढं तरी.

परतीच्या गाडीत पुढच्या बाकावरचे आबा वळून मला विचारू लागले, कुठनं आलात, कुणाकडं आलता. माझी जीभ सैल सुटणार तेवढ्यात सुलूनं डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. आबांनी डब्याकडं पाहिलं, "दळण व्हय," म्हणाले आणि पुढं वळून बसले. डबा जड होता. मी तो उतरेपर्यंत धरून होते.

तिला जिथं सोडलं त्या घरावरही आसऱ्याची पाटी नव्हती.

पुण्यात परतून गठ्ठे टेबलावर टाकले. मत्सर गेलेला नाही, उलट वाढला. सुलूचा डबा उतरवून घ्यायला दोन दारं होती आणि आमच्या सगळ्या गटाकडे एकही नाही. भांडण चालूच राहील. चार खोल्या मी मागतेच आहे. आता मला दोन पत्ते पाठ आहेत. काल गटातल्या मैत्रिणीनं पेन पुढं करून विचारलं, जागा सापडली ना, मग भर की ओळ. मी पेन परत दिलं.