घड्याळकाकांचा खटका

आमच्या शेजारचे घड्याळकाका विसरभोळे झालेत, असं कुणी म्हटलं की माझं डोकंच सणकतं. जन्मभर अख्ख्या पेठेची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. तो वेळ विसरेल? काहीतरीच!

काकू गेल्या, लेक विमानाच्या अंतरावर. तिनंच गच्चीवर सोलर बसवून दिलं. दिवसा उन्हावर बॅटरी भरायची, संध्याकाळी घर त्या बॅटरीवर चालायचं, आणि ती उतरली की जिन्याखालचा खटका ओढून रस्त्यावरच्या तारेची वीज घ्यायची. बॅटरी किती उरली ते लेकीला तिकडे मोबाइलवर दिसायचं. एकदा काका खटका ओढायला खरंच विसरले, तर लगेच फोन. "बाबा, बॅटरी संपत आली! खटका ओढा आधी. आणि जेवलात का?"

त्या दिवसापासून काका रोज विसरायला लागले. बॅटरी लवकर उतरावी म्हणून इस्त्री लावून बसायचे. इस्त्री केलेलेच शर्ट पुन्हा इस्त्री करायचे! मी म्हटलं, "काका, बोहल्यावर चढताय की काय?" हसले, पण इस्त्री काही थांबवली नाही.

लेकीला वाटलं, बाबांना आता झेपत नाही. बिचारीनं काळजीपोटी आपोआप फिरणारा खटका पाठवला. वायरमन तो बसवून निघाला, तेव्हा काकांनी त्याला हळूच विचारलं, "हे बिघडतं का हो कधी?"

"छे! आता हात लावायचं नाव नाही. निवांत बसा."

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "सुटलात बाबा एकदाचे!" खूप खूश होती. त्यानंतर आठवडा गेला, फोन नाही.

काल भाजी द्यायला गेले, तर काका तापलेल्या इस्त्रीशेजारी बसलेले, मांडीवर फोन. तेवढ्यात जिन्याखाली टक्क झालं, खटका आपोआप फिरला. दिवा लुकलुकलासुद्धा नाही. काका फोनकडे बघत राहिले. मला रागच आला.

"अहो, मग तुम्हीच लावा की तिला फोन!"

"लावला असता गं," काका म्हणाले. "पण ती विचारणार, काय झालं बाबा? मग काय सांगू? सगळं तर चालू आहे."