चक्कीच्या डोळ्यातलं शिसं

शिसं ओतावं तर नागभीडच्या मिस्त्रीनंच, असं आरमोरीपर्यंतचे लोक म्हणत. लोक म्हणत म्हणजे आधी मीच म्हणायला सुरुवात केली होती, मग हळूहळू त्यांनाही सवय लागली. जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदा होतं. गावोगाव तेलाच्या इंजिनावर चालणाऱ्या दगडी चक्क्या येऊ लागल्या होत्या, आणि चक्की अडली की मालक माझ्याकडे माणूस पाठवत. मी सायकलीला हत्यारांची पेटी बांधून निघायचो.

ज्यांनी ही चक्की कधी उघडी पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खालचा दगड जागेवर असतो, वरचा फिरतो. वरच्या दगडाच्या मधोमध एक भोक, त्याला आम्ही डोळा म्हणतो. त्या डोळ्यात एक लोखंडी पट्टी आडवी बसवलेली असते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा दांडा खालून येऊन त्या पट्टीत अडकतो आणि दगडाला फिरवतो. दगडाची सगळी ताकद त्या एका पट्टीवर. ती दगडात चपखल बसत नाही, फट राहतेच, आणि त्या फटीत शिसं वितळवून ओततात. दळायचा दाणा वरच्या पेटीतून पडतो तोही त्याच डोळ्यातून, त्या शिशावरून घासत खाली दोन दगडांच्या मध्ये जातो. हे मी शंभरदा पाहिलं होतं. पाहिलं होतं एवढंच.

शिसं ओतायच्या दिवशी चक्कीसमोर माणसं जमायची, आणि न जमली तर मी जमवायचो. चहाच्या पेट्यांचं अस्तर, जुन्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या असं शिसं गोळा करून मी त्याच्या पाव-पाव शेराच्या वड्या पाडून ठेवलेल्या असत. लोखंडी पळीत एक वडी टाकायची, पळी कोळशावर धरायची, आणि वडी पाघळायला लागली की चिमूटभर राळ टाकायची. भक्कन ज्वाळा उठे. राळ शिसं साफ करायलाच टाकतात, पण एवढ्या उंचावरून टाकायचं काही कारण नव्हतं. "तीन पावलं मागं सरका," असं मी दरडावून सांगायचो, त्यालाही कारण नव्हतं. दोन हिवाळे मी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, राक्षसाचं काम केलं होतं, तो आवाज इथं कामाला येई. मग त्या डोळ्यात चांदीसारखी धार सोडायची. ती विझून करडी होईपर्यंत कोणी बोलत नसे.

आरमोरीच्या अलीकडे एका गावात अशी एक चक्की होती. तिथं झाडलोट करणारी बाई माझ्या या खेळाची पहिली गिऱ्हाईक. ढिवराच्या घरची, तिशीच्या आतली, तोंडानं फटकळ. नवरा गावतलावात जाळं टाकी, ती चक्की झाडी. ती झाडू टेकवून पुढंच बसायची.

"मिस्त्रीभाऊ, आज जाळ कमी झाला," ती म्हणायची. "राळ संपली का घरची?"

"तुमच्यासाठी ठेवली थोडी, बाई."

"ठेवा. मी मरन तवा लागन."

सगळे हसायचे. मीही.

त्या कामाची एक रीत होती. दगडाला टाकी लावली, म्हणजे छिन्नीनं ठोकून तो खरबरीत केला, आणि शिसं भरलं, की चक्की लगेच गिऱ्हाइकाला देत नसत. आधी पायलीभर कनी, म्हणजे तुटका तांदूळ, त्यातून दळून काढायची, म्हणजे दगड धुतल्यासारखे साफ होतात. हे पहिलं पीठ करडं निघे, दाताखाली कचकच लागे. ते फेकायचं म्हणजे अन्न फेकणं, आणि ते कोणी केलं नसतं. मग ते कोणाचं? झाडणाऱ्या बाईचं. रोज दगडाभोवती सांडलेलं पीठही तिचंच. तो तिचा हक्क होता आणि ती तो कोणाला सोडत नसे. पहिलं पीठ मी माझ्या हातानं तिच्या पदरात टाकायचो. मालकानं हात आखडू नये म्हणून मीच उभा राहायचो. मला त्याचा अभिमान होता.

ती चक्की मला फार बोलवी. तिचा दांडा थोडा वाकडा होता, दगड डुगडुगायचा, दर चार-सहा महिन्यांनी पट्टी सैल होई. मी जाऊन वरून आणखी एक वडी ओतून यायचो. पहिल्या भरणीसकट तीन वर्षांत अशा सात वड्या गेल्या. फट का वाढते, हे मी दांड्याकडे बोट दाखवून मालकाला समजावून सांगत असे. आधी भरलेलं शिसं कुठं जातं, हे त्यानं विचारलं नाही, आणि मी स्वतःला विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी ती बाई खेळ बघायला बसेनाशी झाली. बसली तर पोट दाबून बसायची. चेहरा पांढुरका पडला होता. चक्कीवरच्या बायका म्हणाल्या, लाखोळीची डाळ जास्त खाल्ली असेल. आमच्या भागात कोणाच्या अंगातलं बळ गेलं की पहिलं नाव लाखोळीचं. पण लाखोळी पाय घेते, माणूस काठी टेकत वाकडा चालायला लागतो. ही तर नीट चालत होती. एकदा मी पाहिलं, झाडू तिच्या उजव्या हातातून सुटून पडला. तिनं उचलला, पुन्हा पडला. मनगटापासून हात खाली लोंबत होता, ओलं फडकं दोरीवर टाकावं तसा. कोपर हलत होतं, बोटं मिटत होती, पण पंजा वर उठत नव्हता.

"काय झालं, बाई?"

"हात आयकत नाई मिस्त्रीभाऊ. झोपून राह्यला वाटते."

थोड्या दिवसांनी डावाही झोपला.

भाताची कापणी संपल्यावर मालकाचा पुन्हा निरोप आला. मी पळी कोळशावर धरली होती, वडी नुकती कडेनं पाघळत होती, तेवढ्यात तिचा नवरा आला. बाई आता येऊ शकत नव्हती, म्हणून पहिलं पीठ न्यायला तो आला होता. तो मालकाला सांगू लागला, मी ऐकत होतो. त्यानं तिला तालुक्याच्या गावी डॉक्टरकडे नेलं होतं.

"डाक्टरनं तिच्या हिरड्या पाह्यल्या," तो म्हणाला. "दातांच्या मुळाशी निळी रेघ आहे म्हने. मंग इचारलं, मधात पोटातली पोरं गेली का? म्हनलं, दोन गेली. मंग मले म्हने, घरी शिसं कोन पिघलवते?"

"मंग?" मालकानं विचारलं.

"म्हनलं मीच. जाळ्याचे मनी मीच बनवतो. तर डाक्टर म्हने, तुह्या बायकोच्या अंगात शिसं भिनलं. घरात शिसं ठेवू नको, नाईतर हात कायमचे जातीन." त्यानं बोटांनी तोडून दाखवलं. "मी जाळ्याचा एकेक मनी तोडला अन् तलावात फेकला. आता मातीकामावर जाऊन राह्यलो."

डॉक्टरची काही चूक नव्हती. ढिवराच्या जाळ्याला शिशाचे मणी असतात, हे सगळ्यांना माहीत. चक्कीच्या पोटात शिसं असतं, हे चक्की उघडणाऱ्यालाच माहीत. तिथं उघडणारा मी एकटा होतो. पळीतलं शिसं तोवर पाणी झालं होतं.

मी बोललो नाही. एवढा बोलका माणूस मी, दहा माणसांना जागेवर खिळवून ठेवणारा, पण त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही. मी शिसं ओतलं. कनी दळली. करडं पीठ निघालं ते त्याच्या धोतराच्या सोग्यात मीच टाकलं, आणि तो "येतो मिस्त्री" म्हणून गेला.

आठ दिवस मी घरी काढले. कामं आली ती परतवली. बायकोला सांगितलं, पाठ दुखते. खरं तर मी हिशेब टाळत होतो, आणि तो टळत नव्हता. नवव्या दिवशी सायकल काढून मी त्या चक्कीवर गेलो आणि कोणी बोलावलं नसताना वरचा दगड उलटा केला. छिन्नी घेऊन डोळ्यातलं सगळं शिसं खणून काढलं, जुनं-नवं, कण न् कण. पळीत वितळवून पुन्हा वड्या पाडल्या. त्या दिवशी राळ उंचावरून टाकली नाही.

मालक आला. "तुले काय झालं रे? आठ दिवसांपैले तूच भरलं ना हे?"

"आठ वड्या ओतल्या आजपर्यंत, मालक. या सहाच भरल्या."

"मंग दोन गेल्या कुठी?"

"दाना जाते तिकडं."

तो दगडाकडे बघत राहिला. पट्टीच्या बाजूनं शिसं कसं घासून गेलं होतं, ते डोळ्याच्या कडेवर दिसत होतं. गुळगुळीत, चकचकीत, जिभेनं चाटल्यासारखं.

"पन आमीबी तेच पीठ खातो," तो हळू म्हणाला.

"तुमी मागचं खाता. ती पैलं खाते."

त्यानं त्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "हे बाहेर नको बोलू. लोक आरमोरीले जातीन दळाले." त्याला नावं ठेवायची माझी पात्रता नव्हती. आठ दिवस मीही हेच केलं होतं, त्यानं ते निदान तोंडानं बोलून दाखवलं.

तिथून मी त्या बाईच्या घरी गेलो. ती ओट्यावर बसली होती, दोन्ही पंजे मांडीवर उताणे टाकून. नवरा कुडाला टेकून उभा. कुडावर जाळं टाकलेलं होतं, खालची कड मोकळी, मणी नसलेलं. मी उभ्यानंच सांगितलं.

"जाळ्यातलं शिसं नव्हतं ते. चक्कीतलं होतं. मी ओतलेलं."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "मी मालकाले डाक्टरचं सांगत होतो, तवा तू कुठी होता?"

"समोरच."

"आयकत होता?"

"हो."

"अन् पीठ सोग्यात टाकलं."

"हो."

तो मारेल असं वाटलं होतं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो खाली बसला. बाईच बोलली. "त्यातलं अर्धं मडक्यात आहे अजून. फेकावं लागन?"

"फेका, बाई."

"कोंबड्याले टाकू?"

"कोंबड्यालेबी नको."

ती उठली, मडक्यापाशी गेली, दोन्ही हातांच्या मनगटांनी ते धरायला गेली. ते उचललं नाही. नवऱ्यानं उठून ते घेतलं आणि परसात खड्डा करून पीठ पुरलं. पेरावं तसं त्यानं ते सावकाश ओतलं, वरून माती लोटली, पायानं दाबली. मी खोदायला पुढं झालो तर त्यानं फावडं दिलं नाही.

"हात येतीन का माहे?" तिनं मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. "येतीन," मी म्हणालो, आणि आवाज इतका ठाम लागला की माझीच मला लाज वाटली.

ज्या सहा वड्या निघाल्या होत्या, त्यांचे मणी, तिच्या घरात शिसं वितळवावं लागू नये म्हणून, मी माझ्या भट्टीवर पाडले, जाळ्याला पुरतील इतके, आणि त्याच्याकडे नेऊन दिले. त्यानं ते मोजून घेतले. पावसाळ्यात जाळं पुन्हा तलावावर दिसलं.

चक्कीचं काम मला नव्यानं शिकावं लागलं. आधी दांडा सरळ केला, जे पहिल्याच वर्षी करायला हवं होतं. मग दगडातली खाच आतून रुंद, तोंडाशी अरुंद अशी कोरली, पट्टीची टोकं तापवून ठोकून त्या मापाची केली, आणि उरलेल्या फटीत धावड्याच्या लाकडाच्या पाचरी मारल्या. पाचरी आधी टोळीच्या तेलात उकळल्या. टोळी म्हणजे मोहाची बी, तिचं तेल आमच्याकडे लोक खातातच, त्यामुळे झिजून पोटात गेलं तर लाकूड आणि तेल एवढंच जाणार होतं. दांड्याच्या टोकालाही काळं वंगण सोडून तेच तेल लावलं. शिशाचं काम अर्ध्या दिवसाचं, याला चार दिवस लागले. बघायला एकही माणूस आला नाही. पाचर ठोकण्यात बघण्यासारखं काही नसतं.

मग मी बाकीच्या चक्क्यांवर गेलो. काही मालकांनी दगड उघडू दिला. काही म्हणाले, आमच्या गावात कोणाचे हात पडले नाहीत, तू जा. एकानं तर दुसरा मिस्त्री बोलावून त्याच दिवशी शिसं भरून घेतलं. तिथं पहिलं पीठ कोण नेतं, हे मी विचारलं, तर मला अंगणाबाहेर काढलं.

बाईचा डावा हात पुढच्या कापणीपर्यंत हळूहळू उठला. उजवा उठला नाही. मालकानं तोवर दुसरी बाई ठेवली होती. मी सांगितलं, आधीची बाई येणार नसेल तर तुझ्या दगडाला टाकी दुसऱ्याकडून लावून घे. तो चिडला, पण मानला. ती डाव्या हातानं झाडायला लागली. पूर्वीच्या दुप्पट वेळ लागायचा. माझ्याशी ती बोलत नसे.

त्यानंतर मी पहिल्यांदा टाकी लावायला गेलो, तेव्हा नेहमीसारखी कनी दळून पहिलं पीठ काढलं. आता त्यात दगडाची भुकटी तेवढी होती. मालक म्हणाला, दे तिला. ती पुढं आली. पिठात डाव्या हाताची बोटं घातली, चोळून पाहिलं, वास घेतला.

"मिस्त्रीभाऊ," ती म्हणाली. किती महिन्यांनी तिनं हाक मारली होती. "तुमी खासाल का हे?"

मी चिमूटभर घेऊन तोंडात टाकलं.

"चिमूटभर नाई," ती म्हणाली. "मूठभर."

मी मूठ भरली. कच्चं पीठ घशाखाली उतरत नाही, टाळूला चिकटतं, दगडाची कच दातात वाजते. पाणी मागायची हिंमत झाली नाही. चक्कीवरचे सगळे बघत होते आणि कोणी हसत नव्हतं. ती माझ्या गळ्याकडे बघत उभी होती. शेवटचा घास गेला तेव्हा तिनं तोंड उघडायची खूण केली. मी उघडलं. तिनं आत पाहिलं, मग खाली बसून पदर पसरला, उजव्या मनगटानं त्याची कड दाबून धरली आणि डाव्या हातानं पीठ आत ओढू लागली.